कॅटलान प्रारंभ आणि दिव्या देशमुखचा विश्वचषक

जॉर्जियातील बटुमी येथे 28 जुलै 2025 रोजी नागपूरच्या 19 वर्षीय दिव्या देशमुखने महिला विश्वचषक बुद्धिबळ स्पर्धा जिंकली. प्रतिस्पर्धी कोनेरू हम्पी दिव्याच्या जन्मापूर्वीच, 2002 मध्ये, ग्रँडमास्टर झाली होती. दोन्ही पारंपरिक डाव आणि टायब्रेकरचा पहिला जलद डाव बरोबरीत सुटला. निर्णायक डावात पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळताना हम्पीने कॅटलान प्रारंभ निवडला.

1929 च्या बार्सिलोना स्पर्धेच्या संयोजकांच्या विनंतीवरून तार्ताकोवरने कॅटालोनियाच्या सन्मानार्थ ही पद्धत योजली होती. यात पांढरा खेळाडू वजिरापुढील आणि वजिराकडील उंटापुढील प्यादे दोन-दोन घरे सरकवतो व राजाकडील उंट जी-2 या घरात बसवतो. तेथून त्याचा मारा थेट लांब कर्णावर चालतो. काळ्याने सी-4 वरील प्यादे मारले तरी ते राखणे जड जाते. दबाव सावकाश वाढत असल्याने उतावळ्या तरुण खेळाडूची येथे खरी कसोटी लागते.

दिव्याने काळ्या मोहऱ्यांनी हा दबाव पेलला. वेळ कमी उरला असताना अखेरची चूक हम्पीकडून झाली आणि दिव्या 2.5-1.5 अशी विजयी ठरली. स्पर्धेपूर्वी एकही ग्रँडमास्टर नॉर्म नावावर नसलेली दिव्या या विजयाने थेट भारताची 88 वी ग्रँडमास्टर झाली.