वेनेरोस–वोल्ड अभ्यास

संशोधकांच्या तज्ज्ञपरीक्षणातील लिंगभेद परीक्षकांच्या मूळ गुणतक्त्यांवरून सिद्ध करणारा स्वीडनमधील अभ्यास. गोथेनबर्ग विद्यापीठातील क्रिस्टीन वेनेरोस व आग्नेस वोल्ड यांनी तो मे १९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

पार्श्वभूमी : १९९५ मध्ये स्वीडिश वैद्यकीय संशोधन परिषदेकडे पीएच.डी.नंतरच्या पाठ्यवृत्तीसाठी ११४ अर्ज आले. त्यांत ५२ स्त्रियांचे होते. २० पाठ्यवृत्तींपैकी १६ पुरुषांना आणि अवघ्या ४ स्त्रियांना मिळाल्या. विशेष म्हणजे, स्त्री-पुरुष समानतेत स्वीडन अग्रेसर असल्याचे संयुक्त राष्ट्रांनी त्याच वर्षी जाहीर केले होते. वेनेरोस व वोल्ड यांनी परीक्षकांचे गुणतक्ते मागितले, तेव्हा परिषदेने ते दाखवण्यास नकार दिला. परंतु वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या कायद्यानुसार ते सार्वजनिक दस्तऐवज ठरतात, असा निर्णय अपील न्यायालयाने दिला.

निष्कर्ष : वैज्ञानिक क्षमता, विषयाचे औचित्य आणि पद्धतीचा दर्जा या तिन्हींसाठी परीक्षक ० ते ४ गुण देत. स्त्रियांना तिन्हींत सरासरी कमी गुण होते. सर्वाधिक फरक वैज्ञानिक क्षमतेत होता. प्रसिद्ध निबंध, त्यांचे संदर्भोल्लेख आणि नियतकालिकांचे प्रभावांक यांच्याशी हे गुण ताडून पाहता, सरासरी पुरुष अर्जदाराइतके गुण मिळवण्यासाठी स्त्रीला सुमारे अडीचपट काम दाखवावे लागत होते. सर्वाधिक काम असलेल्या स्त्रियांना मिळालेले गुण सर्वांत कमी काम असलेल्या पुरुषांएवढेच होते. परीक्षकांच्या समितीतील सदस्याशी संबंध असलेल्या अर्जदारांनाही जादा गुण मिळत. तो सदस्य स्वतः गुण देत नसला, तरी इतर सदस्य झुकते माप देत.

मर्यादा व पुढील संशोधन : हा अभ्यास एकाच संस्थेच्या एका वर्षातील अर्जांचा होता. स्वीडनमध्येच २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेरतपासणीत स्त्रियांविरुद्धचा कल आढळला नाही. ओळखीचा लाभ मात्र कायम होता. १४५ नियतकालिकांच्या २०२१ मधील अभ्यासातही निबंधपरीक्षणात स्त्री लेखकांवर अन्याय दिसला नाही. याउलट, कॅनडातील अनुदान-अर्जांच्या २०१९ मधील अभ्यासात प्रस्तावाऐवजी संशोधकाची योग्यता जोखली गेली, तेव्हा स्त्रिया मागे पडल्याचे आढळले.

महत्त्व : परीक्षकांच्या निःपक्षपातीपणाची परीक्षा घेता येते, हे या अभ्यासाने दाखवले. ती न्यायालयाने गुणतक्ते खुले केल्यामुळेच शक्य झाली. सार्वजनिक पैशातून संशोधनाला अनुदान देणाऱ्या प्रत्येक संस्थेने असे तक्ते स्वतःहून तपासणीसाठी खुले ठेवले पाहिजेत.