नात्यातील हिंसा, विद्यापीठ परिसरातील (वाराणसी)

प्रेमसंबंधात किंवा जवळच्या ओळखीत धाक, पाळत, मारहाण वा लैंगिक जबरदस्ती यांच्या जोरावर एकाने दुसऱ्यावर गाजवलेली सत्ता. तिची सुरुवात बहुधा मारहाणीने होत नाही. फोनचा पासवर्ड मागणे, मित्रमैत्रिणींपासून तोडणे, खाजगी छायाचित्रे पसरवण्याची किंवा स्वतःचा जीव देण्याची धमकी, संबंध संपवल्यावर वर्गाबाहेर गाठणे ही तिची नेहमीची रूपे. दोघे एकाच विभागात शिकत असल्यास रोजची भेट टळत नाही. पीडितांत मुली अधिक असल्या, तरी मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही असतात.

पार्श्वभूमी : बनारस हिंदू विद्यापीठ (बीएचयू) मदनमोहन मालवीय यांच्या पुढाकाराने 1916 मध्ये स्थापन झाले, त्याचे महिला महाविद्यालय 1929 चे. 21 सप्टेंबर 2017 च्या संध्याकाळी आवारात एका विद्यार्थिनीचा विनयभंग झाला. तक्रार केल्यावर मदतीऐवजी ‘या वेळी बाहेर का होतीस?’ असे विचारले गेले, असे विद्यार्थिनींचे म्हणणे होते. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी शहराच्या लंका भागातील मुख्य प्रवेशद्वारावर धरणे धरले. 23 तारखेच्या रात्री लाठीमार झाला. पुढे मुख्य प्रॉक्टरांनी (आवारातील शिस्त व सुरक्षा पाहणारे अधिकारी) राजीनामा दिला, त्या पदावर प्रथमच महिलेची नेमणूक झाली आणि कुलगुरू गिरीशचंद्र त्रिपाठी रजेवर गेले. मुलींच्या वसतिगृहांच्या जाचक वेळांचा प्रश्नही या आंदोलनाने ऐरणीवर आणला. नोव्हेंबर 2023 च्या आरंभी आयआयटी (बीएचयू)च्या विद्यार्थिनीवर आवारात झालेल्या लैंगिक अत्याचारानंतर विद्यार्थी पुन्हा मोठ्या संख्येने उतरले. तीन आरोपींना डिसेंबरअखेर अटक झाली.

या दोन्ही तक्रारी अनोळखी व्यक्तींविरुद्ध होत्या. त्यामुळे दिवे, कॅमेरे आणि सुरक्षारक्षक यांच्या मागण्या साहजिकच पुढे आल्या. हल्लेखोर ओळखीचा असतो तेव्हा मात्र हे उपाय तोकडे पडतात.

कायदेशीर तरतुदी : कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याचे (2005) संरक्षण सामायिक घरातील कौटुंबिक वा विवाहसदृश नात्यांतील स्त्रियांना आहे. केवळ अधूनमधून एकत्र राहणे पुरेसे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये वेलुसामी खटल्यात स्पष्ट केले. त्यामुळे वसतिगृहात राहणाऱ्या बहुतेक जोडप्यांना तो लागू होत नाही. पाठलाग, चोरून चित्रीकरण, मारहाण व धमकी हे मात्र भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हे आहेत आणि दखलपात्र गुन्हा कोठेही घडला तरी शून्य क्रमांकाने कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या विनियमांनुसार प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत अंतर्गत तक्रार समिती बंधनकारक आहे. तिच्या अध्यक्षस्थानी ज्येष्ठ महिला प्राध्यापक असते, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया असतात, बाहेरचा एक सदस्य असतो आणि विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरणात निवडून आलेले विद्यार्थी प्रतिनिधीही बसतात. लैंगिक छळाची लेखी तक्रार तीन महिन्यांत करायची असते. सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने मिळतात. चौकशी 90 दिवसांत पुरी करायची असते. दरम्यान पीडितेला रजा देता येते आणि आरोपीला तिच्यापासून दूर राहण्यास बजावता येते.

साहाय्य : तातडीसाठी 112, महिला हेल्पलाइन 181, उत्तर प्रदेशात 1090 आणि मानसिक आधारासाठी टेलिमानस (14416). ‘सखी’ वन स्टॉप सेंटर योजनेत (2015 पासून) तात्पुरता निवारा, वैद्यकीय, पोलिसी व कायदेशीर मदत एकत्र मिळते. मैत्रिणीने वा मित्राने निवाडा न करता ऐकावे, संदेश आणि तारखा जपून ठेवायला सांगावे व समितीकडे सोबत जावे. संबंध तोडण्याचा काळ अनेकदा सर्वांत धोक्याचा असल्याने त्या दिवसांत पीडित व्यक्तीला एकटे सोडू नये.

मर्यादा : घरी कळेल, शिक्षण सुटेल, या भीतीने असंख्य मुली गप्प राहतात. त्यातच तक्रारीचे उत्तर म्हणून वसतिगृहाची वेळ आवळली, तर शिक्षा तक्रार करणारीलाच होते आणि पुढची मुलगी तोंड उघडत नाही. सुरक्षिततेच्या नावाखाली विद्यार्थिनींवर भेदभावाचे नियम लादू नयेत, असे आयोगाचे 2015 चे विनियमच सांगतात. तक्रार करणारीचे स्वातंत्र्य अबाधित राहील, ही हमी प्रत्येक संस्थेने प्रवेशाच्या दिवशीच द्यायला हवी. या हमीविना समिती कागदावरच राहते.