टोळ व नाकतोडे : जीनोमचे क्रमनिर्धारण आणि जुळणी

कीटकांतले सर्वांत मोठे जीनोम ऑर्थोप्टेरा गणातल्या टोळ-नाकतोड्यांत आढळतात. फळमाशी ड्रोसोफिलाचा जीनोम सुमारे १८ कोटी बेस जोड्यांचा आणि माणसाचा ३.१ अब्जांचा आहे. स्थलांतरी टोळाचा मात्र सुमारे ६.३ अब्जांचा, वाळवंटी टोळाचा ८.७ अब्जांच्या आसपास, तर पोडिस्मा पेडेस्ट्रिस या पहाडी नाकतोड्याचा १६ अब्जांहून मोठा भरतो.

जीनोम मोठा म्हणून जनुके जास्त, असे नाही. स्थलांतरी टोळात १७,३०७ प्रथिनजनक जनुके नोंदली गेली, म्हणजे माणसापेक्षाही कमी. फुगवटा आहे तो मुख्यतः स्थानांतरी घटकांचा : स्वतःच्या प्रती काढत जीनोमभर पसरणाऱ्या डीएनए-तुकड्यांचा. जनुकांमधले प्रथिन न घडवणारे भाग, म्हणजे इंट्रॉनही त्यांच्यामुळे लांबलेले आहेत. शिवाय निरुपयोगी डीएनए गळून जाण्याचा वेग पोडिस्मात फार मंद असल्याचे २००१ मध्ये दाखवले गेले. साचते पुष्कळ आणि गळते थोडे, हे स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे.

जुळणी अवघड होते ती या पुनरावृत्तीमुळेच. जुन्या तंत्राने एका वेळी शे-दीडशे अक्षरेच वाचता येत. आरतीसंग्रहाच्या चिंध्या हाती याव्यात आणि बहुतेकींवर नुसते धृपद असावे, तसा हा प्रकार : तुकडा वाचता येतो, पण तो कुठला हे सांगता येत नाही. तरीही २०१४ मध्ये चिनी विज्ञान अकादमीतील ल कांग यांच्या गटाने स्थलांतरी टोळाचा मसुदा जीनोम प्रसिद्ध केला. तोवर क्रम लावलेल्या प्राण्यांच्या जीनोमांत तो सर्वांत मोठा होता, आणि आखूड वाचनांवर उभा असल्याने हजारो तुकड्यांत विखुरलेलाही. वाळवंटी टोळाचा मसुदा २०२० मध्ये बेल्जियममधील लूवेन येथील संशोधकांनी दिला.

खरा पालट झाला तो लांब वाचनांमुळे. हायफाय पद्धतीत १५-२० हजार अक्षरांचा सलग पट्टा अत्यंत अचूक वाचला जातो आणि बहुतेक पुनरावृत्ती तो एका दमात ओलांडतो. पुढे हाय-सी तंत्र पेशीकेंद्रात कोणते भाग एकमेकांजवळ आहेत ते पाहून तुकडे गुणसूत्रांवर बसवते. वाळवंटी टोळ ज्यात मोडतो त्या शिस्टोसर्का प्रजातीतल्या सहा जातींचे जीनोम अमेरिकेत असे गुणसूत्रपातळीवर जुळवले गेले. त्यांपैकी तीन जाती टोळधाडी करतात, तीन करत नाहीत. ही निवड मोलाची आहे, कारण तुलना त्यामुळेच शक्य होते.

शिस्टोसर्काच्या मादीत २४ गुणसूत्रे असतात, नरात २३. नराला एकच एक्स मिळतो. त्यामुळे नराच्या डीएनएमध्ये एक्सवरचे तुकडे निम्म्या प्रमाणात वाचले जातात आणि तेवढ्यावरून ओळखता येतात. वाळवंटी टोळाचे गुणसूत्र सरासरी ७० कोटी बेसांहून लांब, म्हणजे माणसाच्या सर्वांत मोठ्या गुणसूत्राच्या जवळजवळ तिप्पट. जीनोमवर बसवलेली वाचने शोधण्यासाठी सर्रास वापरली जाणारी बीएआय अनुक्रमणिका मात्र सुमारे ५३.७ कोटी बेसांपुढे चालतच नाही. तिथे सीएसआय ही दुसरी अनुक्रमणिका वापरावी लागते. तंतुकणिकांच्या डीएनएच्या निकामी प्रती पेशीकेंद्रातही शिरलेल्या असतात. त्या वेगळ्या काढल्या नाहीत, तर जाती ओळखण्यात चूक होते.

एकच जीनोम असलेला टोळ एकाकीही राहतो आणि थव्यानेही उडतो. मे २०२० मध्ये वाळवंटी टोळांचे थवे विदर्भात अमरावती, वर्धा, नागपूरपर्यंत आले होते. त्याच वर्षी स्थलांतरी टोळांना एकत्र आणणारे ४-व्हायनिलॲनिसोल हे फेरोमोन आणि त्याचा ओआर३५ हा ग्राहक ओळखला गेला. क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्राने ओआर३५चे जनुक निकामी केलेल्या टोळांत या गंधाची ओढ पार कमी झाली.