टॅक : एका दोरीने दिशा कशी बदलली?

'लेट्स चेंज टॅक' हे वाक्य मीटिंगमध्ये तुम्ही कधीतरी ऐकलं असेल. म्हणजे, आता वेगळ्या पद्धतीने करून बघू. काही जण चुकून 'चेंज टॅक्ट' म्हणतात. पण या शब्दाचा चतुराईशी काही संबंध नाही. तो आलाय शिडाच्या जहाजावरून.

टॅक म्हणजे मुळात खिळा, अडकवायची वस्तू. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. बोर्डावर कागद लावायच्या छोट्या खिळ्याला आजही टॅकच म्हणतात. जहाजावर हे नाव मिळालं एका दोरीला. शिडाचा वाऱ्याकडचा खालचा कोपरा ताणून बांधणारी दोरी म्हणजे टॅक.

आता गंमत बघा. शिडाचं जहाज वाऱ्याच्या थेट तोंडावर जाऊच शकत नाही. मग समोरून वारा असेल तर करायचं काय? घाटात गाडी चढते तसं नागमोडी जायचं. थोडं डावीकडे, वळण, मग थोडं उजवीकडे. प्रत्येक वळणावर वारा दुसऱ्या बाजूने येतो, म्हणून एका बाजूची टॅक सोडायची आणि दुसऱ्या बाजूची ताणायची. सोळाव्या शतकात त्या वळण्यालाच 'टॅक करणं' म्हणू लागले. सतराव्या शतकात हाच शब्द जमिनीवरच्या बोलण्यातही आला.

पण हे वळण धोक्याचं. जहाजाचं पुढचं टोक वाऱ्यासमोर आलं आणि वेग संपला, की जहाज तिथेच अडकायचं. त्यामुळे दुसरीही एक रीत होती, 'वेअर' करणं. म्हणजे वाऱ्याकडे पाठ फिरवत वळायचं. हे सोपं, पण जहाज मागे पडतं.

१४ फेब्रुवारी १७९७. पोर्तुगालजवळ केप सेंट व्हिन्सेंटची लढाई. अॅडमिरल जर्व्हिसच्या १५ ब्रिटिश युद्धनौका, समोर त्याहून मोठा स्पॅनिश ताफा, दोन गटांत फुटलेला. जर्व्हिसचा हुकूम आला : रांगेतच, एकामागून एक टॅक करा. नेल्सनचं जहाज 'कॅप्टन' शेवटून तिसरं होतं. त्याला दिसलं, की आपली पाळी येईपर्यंत स्पॅनिश जहाजं निसटून एकत्र येतील. त्याने हुकुमाची वाट न बघता वेअर केलं, रांग सोडली आणि थेट शत्रूच्या वाटेत घुसला.

हरला असता तर कोर्ट मार्शल झालं असतं. पण ब्रिटिशांनी चार जहाजं पकडली, त्यातली दोन नेल्सनने. संध्याकाळी जर्व्हिसने त्याला मिठी मारली.

म्हणून लक्षात ठेवा, टॅक बदलणं म्हणजे माघार नाही. जायचं ठिकाण तेच असतं. वारा समोरून आहे, म्हणून फक्त वाट वाकडी होते. अभ्यास, नोकरी, काहीही असो, पुढच्या वेळी कुणी 'दिशा का बदललीस?' विचारलं, तर सांगा : पोचायचंय तिथेच, फक्त टॅक बदललाय.

भेटू पुढच्या भागात!