हिवाळ्यात शेळ्या-मेंढ्यांना संत्र्याचा चोथा कसा द्यावा?

थंड देशांत हिवाळ्यात शेळ्या-मेंढ्यांना साखर बीटाचा चोथा देतात. आपल्याकडे बीटाचा चोथा मिळत नाही, पण नागपूर भागात आंबिया बहाराची संत्री निघतात त्या काळात संत्र्याचा चोथा (रस काढल्यावर उरणारी साल, गर व बिया) स्वस्तात मिळतो. योग्य रीतीने दिल्यास खुराकातील मक्याचा खर्च कमी होतो. बुरशी लागलेला दिल्यास जनावर दगावू शकते.

चोथ्यात काय असते?
ओल्या चोथ्यात सुमारे ८० टक्के पाणी असते. वाळलेल्या चोथ्यात ऊर्जा मक्याच्या जवळपास, पण प्रथिने फक्त ६ ते ७ टक्के असतात. कॅल्शियम भरपूर, स्फुरद मात्र कमी असते. म्हणून चोथा धान्याऐवजी वापरा. पेंड, चुनी किंवा कुटार बंद करून चोथ्यावर जनावरे ठेवू नका.

किती द्यावा?
- सुमारे ३० किलो वजनाच्या शेळी-मेंढीला दिवसाला जास्तीत जास्त १ किलो ओला किंवा २०० ग्रॅम वाळलेला चोथा.
- सुरुवात २०० ग्रॅम ओल्या चोथ्याने करा. १० ते १२ दिवसांत हळूहळू पूर्ण मात्रेवर या.
- सकाळी आधी तूर किंवा हरभऱ्याचे कुटार द्या, नंतर चोथा. उपाशीपोटी देऊ नका.
- बारीक संत्री द्यायची असल्यास चिरून द्या. अख्खे फळ घशात अडकू शकते.

१० किलो खुराक मिश्रण
वाळलेला चोथा ३ किलो, मका भरडा २ किलो, सोयाबीन पेंड २ किलो, तूर चुनी १.७ किलो, गव्हाचा कोंडा १ किलो, खनिज मिश्रण २०० ग्रॅम, मीठ १०० ग्रॅम. यात सुमारे १६ टक्के प्रथिने मिळतात व कोंड्यातून स्फुरदाची भर पडते. मेंढ्यांना गाई-म्हशींचे खनिज मिश्रण देऊ नका, त्यातील तांबे त्यांना बाधते.

साठवण
ओला चोथा आणल्यापासून दोन दिवसांत संपवा. उरलेला ताडपत्रीवर एक ते दोन इंच थरात पसरून दिवसातून तीन-चार वेळा हलवा. रात्री दव पडते, म्हणून संध्याकाळी झाका. साल हाताने कडकन मोडली की वाळला असे समजा आणि कोरड्या जागी पोत्यांत भरा. ऊन नसेल तर ४ भाग चोथा व १ भाग कुटार मिसळून हवाबंद ड्रममध्ये दाबून भरा. किमान तीन आठवड्यांनी मुरघास वापरता येतो.

हे टाळा
- हिरवी, पांढरी किंवा काळी बुरशी दिसल्यास सगळा ढीग खतात टाका. वरचा थर काढून खालचा देऊ नका, विष आतपर्यंत पसरलेले असू शकते.
- रसवंती किंवा ज्यूस सेंटरचा चोथा घेताना प्लास्टिकचे पेले, स्ट्रॉ व पिशव्या निवडून काढा.
- नुकतीच फवारणी झालेल्या बागेतील गळ झालेली फळे देऊ नका.

पोट फुगणे, रवंथ थांबणे किंवा पातळ हगवण दिसल्यास चोथा लगेच बंद करा, फक्त कोरडे कुटार व पाणी द्या आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याशी त्वरित संपर्क साधा.