औषधलेखनाची सवय आणि तिचे मापन

क्षयरोगावर कोणती औषधे व किती काळ द्यावीत, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शास्त्राने निश्चित केले. तथापि ते ज्ञान डॉक्टरांच्या लेखणीत उतरलेच, असे नव्हे. मुकुंद उपळेकर व डोनाल्ड शेपर्ड यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मुंबईच्या गरीब वस्त्यांतील १०० खाजगी डॉक्टरांनी या एकाच रोगासाठी ८० निरनिराळ्या औषधयोजना लिहिल्या. पुढे २०१० साली झरीर उदवाडिया, लान्सेलॉट पिंटो व उपळेकर यांना धारावीत १०६ डॉक्टरांकडून ६३ योजना मिळाल्या. त्यांत बिनचूक लिहिणारे अवघे सहा होते.

या पाहण्यांनी दुखणे दाखविले. उपाय सिद्ध करणे त्यांचे कार्य नव्हते. ८० चे ६३ झाले, एवढ्यावरून सुधारणेचे श्रेय कोणत्याही एका प्रयत्नास देता येत नाही. त्यासाठी तुलनागट हवा, आणि कोणता डॉक्टर कोणत्या गटात पडेल हे सोडतीने ठरावयास हवे. येथे सोडत रुग्णांची नव्हे, डॉक्टरांची होय. कारण सवय डॉक्टरची असते. एकाच डॉक्टरच्या शंभर चिठ्ठ्या परस्परांसारख्याच असतात. त्यांना शंभर स्वतंत्र पुरावे मानल्यास निष्कर्षास खोटी निश्चिती येते.

दुसरा प्रश्न मापनाचा. प्रश्नावलीवरील उत्तर हे ज्ञानाचे माप, आचरणाचे नव्हे. म्हणून २०१४-१५ मध्ये मुंबई व पाटणा येथे रुग्णाची भूमिका वठविणाऱ्या प्रशिक्षित व्यक्ती दवाखान्यांत पाठविण्यात आल्या. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार २,६५२ भेटींपैकी सुमारे ३५ टक्के भेटींतच योग्य उपचार झाला.

सोडत व हे मापन यांचा संयोग पश्चिम बंगालमधील प्रयोगात आढळतो. वैद्यकीय पदवी नसलेल्या ३०४ ग्रामीण उपचारकांतून सोडतीने निवडलेल्यांना प्रशिक्षण देण्यात आले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत योग्य उपचाराचे प्रमाण सुमारे ८ टक्केबिंदूंनी वाढलेले दिसले. अनावश्यक औषधे देण्याची सवय मात्र घटली नाही. केवळ योग्य उपचारच मोजले असते, तर हा प्रयोग निर्भेळ यशस्वी ठरला असता.

तात्पर्य, योग्य औषध लिहिण्यास शिकणे आणि नको ते लिहिणे सोडणे या दोन भिन्न क्रिया आहेत. मुंबईसाठी आखावयाच्या कोणत्याही प्रयोगाने त्या दोहोंचे मापन आरंभीच स्वतंत्रपणे निश्चित केले पाहिजे.