वाचा-उपचारांच्या वर्गात पुराव्याची कसोटी

बंगळुरू : मेणबत्तीवर फुंकर मारणे, शिट्टी वाजवणे, जीभ नाकाच्या दिशेने नेणे. बोलणे स्पष्ट नसलेल्या मुलांना असे व्यायाम देण्याची प्रथा जुनी आहे. अमेरिकेतील वाचा-उपचारतज्ज्ञांच्या २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात ८५ टक्के जणांनी असे व्यायाम वापरत असल्याचे सांगितले होते. त्यांमुळे उच्चार सुधारतात असे म्हणण्यास पुरेसा आधार नाही, हा निष्कर्ष पुढच्याच वर्षी उपलब्ध अभ्यासांच्या पद्धतशीर आढाव्यातून निघाला. फुंकर मारताना आणि ‘स’ म्हणताना ओठ-जीभ तीच असली, तरी मेंदूकडून होणारे त्यांचे नियंत्रण वेगळे असते, असे यामागचे स्पष्टीकरण दिले जाते. मुलाच्या भाषाविकासाची मोलाची वर्षे त्यात खर्च होतात. आठवड्यातून दोनदा रोजगार बुडवून येणाऱ्या पालकांचे नुकसान वेगळेच.

पुराव्याधारित उपचारपद्धती वाचा-भाषा उपचारांच्या विद्यार्थ्यांना शिकवण्याचे कारण हेच. बंगळुरूत निम्हान्सचा वाचा व श्रवण विभाग आणि डॉ. एस. आर. चंद्रशेखर वाचा-श्रवण संस्था, तर जवळच म्हैसूरमध्ये १९६५ साली स्थापन झालेली अखिल भारतीय वाचा-श्रवण संस्था असल्याने कर्नाटक हे या विद्याशाखेचे देशातील प्रमुख केंद्र मानले जाते. पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा असून शेवटचा टप्पा प्रत्यक्ष रुग्णसेवेचा असतो. पदवीधरांना भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते.

पुराव्याधारित वैद्यकाची सर्वमान्य व्याख्या डेव्हिड सॅकेट आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मांडली. उपलब्ध संशोधनातील उत्तम पुरावा, उपचारकाचा अनुभव आणि रुग्णाची इच्छा ही तिची तीन अंगे. अमेरिकेतील वाचा-श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेने २००५ मध्ये हीच चौकट आपल्या क्षेत्रासाठी स्वीकारली. रुग्ण कोण, उपचार कोणता, तुलना कशाशी आणि फळ कोणते मोजायचे, असा नेमका प्रश्न विचारायला विद्यार्थी प्रथम शिकतो.

यातील तुलनेचे महत्त्व बोलताना अडखळणाऱ्या मुलांच्या उदाहरणातून चांगले समजते. लहान वयात अडखळणारी बरीच मुले उपचारांविनाही सुधारतात. मग श्रेय कोणाचे? न्यूझीलंडमध्ये ५४ मुलांवर झालेल्या आणि २००५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत याचे उत्तर शोधले गेले. ‘लिडकम’ पद्धतीचे उपचार मिळालेल्या गटातील अडखळणे नऊ महिन्यांत दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे अधिक घटले. या पद्धतीत घरी रोज उपचार करणारे पालकच असतात.

बंगळुरूतील विद्यार्थ्याची खरी परीक्षा इथून सुरू होते. आजी कन्नड किंवा तेलुगू बोलते, आई तमिळ, शाळा इंग्रजी. तर बराचसा पुरावा इंग्रजी बोलणाऱ्या, एकभाषिक कुटुंबांतून आलेला. इंग्रजी मुलांचे उच्चारविकासाचे वेळापत्रक मराठी मुलाला लावता येत नाही. ‘ळ’ इंग्रजीत नाही आणि ‘चमचा’तला ‘च’ व ‘चिमणी’तला ‘च’ हा भेदही त्यात नाही. परदेशी आकडे जसेच्या तसे वापरणाऱ्याने पुरावा वाचला, पण पारखला नाही, असेच म्हणावे लागेल.

देशी पुरावा अगदीच नाही असे नाही. स्वमग्न मुलांसाठी बंगळुरूत डॉ. प्रतिभा कारंत यांनी विकसित केलेल्या ‘कम्युनिकेशन डील’ कार्यक्रमाच्या परिणामांचा अभ्यास २०१० मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ पेडिॲट्रिक्स’मध्ये प्रसिद्ध झाला. गट किती मोठा होता, तुलना कोणाशी केली, हे प्रश्न अशा देशी अभ्यासांनाही तितक्याच काटेकोरपणे विचारायला हवेत.

शोधनिबंध मिळवणे हा आणखी एक अडथळा. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेतून सुमारे १३ हजार नियतकालिके खुली झाली, पण ती सरकारी संस्थांसाठी. या विषयाची अनेक महाविद्यालये खासगी आहेत.

निबंध हाती नसला, तरी मोजमाप विद्यार्थ्याच्या हातात असते. उपचारांपूर्वी मुलाने वीसपैकी किती शब्द बरोबर उच्चारले, ते वहीत नोंदवायचे आणि काही आठवड्यांनी तेच शब्द पुन्हा तपासायचे. आकडा हलला नसेल, तर उपचार बदलायचा. पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या रुग्णाची चाचणी कन्नडमध्ये झाली, तरी पत्नीशी त्याला तमिळमध्येच बोलायचे असेल, तर तेही त्याच वहीत पहिल्या पानावर लिहायचे.